नाशिकची फायनल

"रोहिणीला खुर्ची आणा," सुरेखा म्हणाली, आणि पंगतीतलं बोलणं क्षणभर थांबलं.

दर वेळी असंच व्हायचं. घरात लग्न असो, बारसं असो की आजच्यासारखं निवृत्तीच्या सत्काराचं जेवण असो, पंगत बसली की रोहिणीसाठी प्लास्टिकची खुर्ची यायची आणि सगळे आपापल्या ताटात बघायला लागायचे. अकरा वर्षं झाली, तिला मांडी घालता येत नव्हती. ताट मांडीवर घेऊन ती चुलत्या-मावश्यांच्या डोक्यांच्या वर बसून जेवायची.

"घे गं बाई, रस घे," सुरेखाचे थोरले दीर आप्पा म्हणाले. खरं नाव बिभीषण, पण श्रीगोंद्यात त्यांना त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. "आज तुझ्या बापाचा दिवस हाय. चार वाजता बघ, आख्खा तालुका लोटंल ग्राउंडवर."

"हो आप्पा," रोहिणी म्हणाली आणि वाटी पुढं केली.

सुरेखानं रस वाढला. सकाळच्या एसटीनं नगरहून आल्यापासून पोरगी बापाशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, असं सुरेखाला वाटायचं. रोहिणी नगरच्या कोर्टात लिपिक होती; घरातही ती तशीच वागायची, विचारलं तेवढं सांगायचं आणि कागद मिटवून ठेवायचा.

आप्पा पाहुण्यांना सांगत होते. "त्र्याण्णव साली ह्याला कॉलेजात मी चिकटवला. तवा तिथं बास्केटबॉल म्हनलं तर लोक हसायचे. ग्राउंड न्हाई, खांब न्हाई. खांब कारखान्याच्या वर्कशॉपात वेल्डिंग करून घेतले. मुरूम माझ्या बैलगाडीनं वाहिला. काय गोरख?"

"खरंय," सुरेखाचा नवरा गोरक्षनाथ म्हणाला. तो पंगतीच्या टोकाला बसून भराभर जेवत होता. बत्तीस वर्षं संघ घेऊन गावोगाव फिरताना लागलेली ती सवय होती. तो जेवायला बसला की उठेपर्यंत बाकीच्यांची पहिली पोळी संपलेली नसायची.

मुरुमाचं खरंच होतं. पण त्यानंतरचं आप्पांना माहीत नव्हतं, सुरेखाला होतं. पहिल्या वर्षी पोरी सलवारीत खेळायच्या आणि ओढणी कमरेला बांधायच्या. वाड्यावस्त्यांवर जाऊन गोरक्षनाथ एकेका बापाच्या दारात तास तास बसायचा. मॅचला जायचं असलं की पहाटे चारला उठून सुरेखा तेरा डबे भरायची. त्या तेरांतल्या कितीतरी पोरी आज पोलिसात होत्या. आत्ता ग्राउंडवर गणवेशातच आल्या असतील. आणि पूजा. पाथर्डीकडच्या ऊसतोड्यांची पोर. डोक्यावर उसाच्या वाढ्यांची मोळी घेऊन चाललेली ती उंच पोरगी गोरक्षनाथाला मोटारसायकलवरून दिसली, आणि तो थेट तिच्या आईबापाच्या पाचटाच्या कोपीवर जाऊन बसला. तीन वर्षं ती ह्याच घरात राहिली. आता सहा वर्षं कॉलेजात तासिकेवर होती. सरांच्या हाताखाली पोरींना शिकवत होती, आणि सरांची जागा तिला मिळणार हे जवळपास ठरल्यासारखं होतं.

"समर्थ, पोटभर जेव," आप्पा आपल्या मुलाला म्हणाले. "सोमवारी तुझी बी परीक्षा हाय."

समर्थ हसला. बी.पी.एड. होऊन त्याला पाच वर्षं झाली होती. सुरेखाच्या हातातली पळी थांबली. सोमवारी त्या जागेसाठी कॉलेजात मुलाखती होत्या हे तिला माहीत होतं. समर्थनं अर्ज केलाय हे माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यालाही माहीत नसावं. त्यानं शेवटचा घास तसाच ताटात ठेवला होता.

"गोरख, हात धुऊन जरा आत ये," आप्पा म्हणाले.

*

आतल्या खोलीत तिन्ही भिंतींना ढाली आणि करंडक होते. आप्पांनी दार लोटलं, खिशातून मोबाईल काढला आणि भावाच्या हातात दिला.

"वाच."

गोरक्षनाथानं चष्मा लावला. छापील पानाचा फोटो होता. वर जाड अक्षरात लेखाचं नाव होतं, 'मी म्हणाले नाही', आणि खाली रोहिणीचं.

"कुठनं आलं हे?"

"गहिनीनाथच्या प्रेसमधनं. तुझ्या पोरींनी गौरव अंक काढलाय न्हवं? त्यातलं पान. चार वाजता संस्थेच्या अध्यक्षांच्या हातानं प्रकाशन, आन आत हे!"

लेख लांब नव्हता. सुरुवातीचा भाग त्यानं वरवर वाचला, ग्राउंड, पहाटेचा सराव, घरीसुद्धा त्याला 'सर' म्हणायची सवय. मग तो सावकाश वाचू लागला.

'नाशिकला सेमीफायनलमध्ये माझा गुडघा फिरला. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, लिगामेंट अर्धं फाटलंय, उद्या उतरली तर पूर्ण जाईल. मी सरांना म्हणाले, मला खेळायचं नाही, मला भीती वाटते. सर म्हणाले, इथं मी तुझा बाप नाही. मग त्यांनी आईला फोन लावून माझ्या कानाला दिला. आई म्हणाली, ते म्हणतात तसं कर. सकाळी सरांनी स्वतः टेप बांधली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी पडले. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. त्यानंतर दर वर्षी सर भाषणात सांगतात की त्या दिवशी मी म्हणाले, सर, पाय तुटला तरी खेळेन. हे वाक्य मी कधीही म्हणाले नाही.'

त्यानं मोबाईल परत दिला.

"खोटं हाय का?" आप्पांनी विचारलं.

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी इचारतोय गोरख, खोटं हाय का हे?"

"जुनं झालं ते, आप्पा."

"म्हंजे खरं हाय."

खरं म्हणजे गोरक्षनाथाला आता नीट सांगताही आलं नसतं. ते वाक्य त्यानं पहिल्यांदा कुठं उच्चारलं ते त्याला आठवत होतं. जिंकून आल्यावर कॉलेजच्या सत्कारात. रोहिणी तेव्हा पुण्यात पहिल्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. कुणीतरी विचारलं, पोरीला दुखापत असून खेळवलंत कसं? आणि त्याच्या तोंडून ते निघून गेलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं प्रत्येक नव्या संघाला तो ते सांगत गेला. इतक्यांदा सांगितलं की हल्ली त्याला ते रोहिणीच्याच आवाजात ऐकू यायचं. दुसरं ऑपरेशन झालं, फौजदाराच्या परीक्षेत ती लेखीला पास होऊन धावण्यात बाद झाली, तिच्याबरोबरच्या पोरींच्या खांद्यावर एकेक करून स्टार लागले, आणि तो ते वाक्य सांगतच राहिला.

"आता ऐक," आप्पा खाटेवर बसले. "अंक आजून शिवला न्हाई. गहिनीनाथ माझ्या शब्दाभाईर न्हाई. मी म्हनलं की हे पान निघंल. पर तू बी माझं एक काम करायचं." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कॉलेजच्या शिक्क्याचा कोरा कागद काढला. "अध्यक्ष मला म्हनले, लगड सर ज्याचं नाव लिहून देतील त्याला घिऊ. बाकी मुलाखती नावाला. समर्थचं नाव लिही."

"समर्थनं आयुष्यात बास्केटमध्ये चेंडू टाकला नाही."

"पगार सुरू झाला की टाकंल."

"आप्पा, मी पूजाला शब्द दिलाय. पटियाळ्याचा कोचिंगचा डिप्लोमा केलाय तिनं. सहा वर्षं पहाटे पाचला ग्राउंडवर असती. मागच्या साली झोनची स्पर्धा जिंकली ती तिनं जिंकली, मी नुसता बाकावर बसून होतो."

"शब्द मी बी दिल्ता," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आपल्या बापाला. त्यो गेला तवा मी आठवीत हुतो. वर्गात पहिला हुतो, तुला ठाव न्हाई, तू शेंबडा हुतास. दुसऱ्या दिवशी औताला गेलो ते आजवर. तू नगरला कॉलेजात चेंडू उडवत हुतास तवा मी ह्या पायांनी ढेकळं तुडवली. बत्तीस वर्षांत तुझे पन्नास सत्कार झाले. एका भाषणात माझं नाव घेतलंस? एका?"

घेतलं नव्हतं, हे गोरक्षनाथाला माहीत होतं.

"मी कधी मागितलं न्हाई. आज मागतोय. पोरगं पस्तिशीकडं चाललं, शेतात उभं राहत न्हाई, लगीन जमत न्हाई. पूजा काय, आज न्हाई तर उद्या कुठं बी लागंल. तिला तू लई दिलंय. आन हे पान छापलं," त्यांनी मोबाईलवर बोट आपटलं, "तर तुझं काय ऱ्हातंय? चारशे मानसं बसत्याल म्होरं. पोरीला लंगडी करून करंडक आनला, असं म्हनतील. तुला चालंल?"

बाहेर अंगणात बायका भांडी गोळा करत होत्या. रोहिणीची खुर्ची कुणीतरी उचलून नेल्याचा आवाज आला.

पूजाचा चेहरा समोर आणायचा गोरक्षनाथानं प्रयत्न केला. आला तो ग्राउंडवरच्या गर्दीचा, मांडवाखाली अंक उघडून वाचणाऱ्या चारशे माणसांचा. त्यानं पेन घेतलं. 'या पदासाठी समर्थ बिभीषण लगड हे सर्वार्थाने योग्य आहेत, असे माझे मत आहे.' खाली सही केली, तारीख घातली.

आप्पांनी कागदाची घडी घातली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी शाळेत सोडताना ठेवायचे तसा. गोरक्षनाथाला तो हात झटकून टाकावासा वाटला, आणि त्यानं तो तसाच राहू दिला.

*

जीपमध्ये बसल्यावर आप्पांनी काच खाली केली. मे महिन्याचं ऊन डांबरावर नुसतं पेटलं होतं. शेजारी समर्थ मोबाईलमध्ये बोटं फिरवत होता.

"झालं का?" त्यानं वर न बघता विचारलं.

"झालं."

"काकांनी काही कटकट केली?"

"त्यो तुझा काका हाय. नीट बोल."

पान सकाळी नऊ वाजताच अंकातून निघालं होतं, हे आप्पांना ठाऊक होतं. गहिनीनाथचा फोन आला होता, 'आप्पा, ते पूजाबाईंनी येऊन काढायला लावलं, आता काळजी नगं.' तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. आणि मग अर्ध्या तासानं, दाढी करताना, त्यांना वाटलं होतं की फोटो तर आपल्याकडं आहे.

हे चांगलं झालं नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण वर्गात पहिला येणारा पोरगा आठवीतून काढून औताला जुंपला तेव्हा तरी कुणाचं चांगलं झालं होतं? त्यांनी समर्थकडं पाहिलं. ह्याच्यासाठी केलं. पोरानं एकदा मान वर करून विचारलं असतं की कसं झालं, तर बरं वाटलं असतं. समर्थ व्हिडिओ बघून हसला.

"म्होरं बघ," आप्पा म्हणाले. "आन अध्यक्ष दिसले की पाया पड."

*

ग्राउंडच्या कडेला पायऱ्या होत्या. रोहिणी सगळ्यात खालच्या पायरीवर पाय लांब करून बसली होती. मांडवात खुर्च्या भरत होत्या. गणवेशातल्या तिच्या मैत्रिणी येऊन गळ्यात पडून गेल्या; 'रोही, उठू नकोस गं' असं प्रत्येकीनं म्हटलं होतं. बास्केटखाली पूजा मुलींच्या हातात हार देत होती, एकीच्या केसांना पिन लावत होती.

गोरक्षनाथ येऊन बाजूला उभा राहिला. पांढराशुभ्र सफारी, छातीवर मोठा बिल्ला.

"तुझा लेख वाचला," तो म्हणाला.

रोहिणीनं वर पाहिलं. "तुम्हाला पूजानं दिला?"

"आप्पांनी दाखवला. काढलाय तो आता अंकातून."

"तो सकाळीच काढला, सर."

"सकाळी?"

"सातला पूजाचा फोन आला. आधी तिनंच लेख अंकात घेतला होता, छापूया म्हणाली होती. मग सकाळी रडायला लागली. 'ताई, सरांचा शेवटचा दिवस हाय. तुमचं खरं हाय, पर आज नगं.' मी म्हटलं, काढ. नऊ वाजता ती प्रेसमध्ये जाऊन पान काढून आली." रोहिणीनं गुडघ्यावरची साडी सारखी केली. "मला छापायचा नव्हताच फारसा. तुम्ही एकदा वाचावा, एवढंच होतं."

गोरक्षनाथ वळून मांडवात आप्पांना शोधू लागला. त्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसला.

"काय झालं?"

"मी आप्पांना लिहून दिलं."

"काय लिहून दिलं?"

"समर्थचं नाव. शिफारशीचं पत्र. ते पान निघावं म्हणून."

रोहिणी त्याच्याकडं बघत राहिली. आपल्याला राग येईल असं तिला वाटलं, पण आला नाही. लेख लिहिताना, पुन्हा पुन्हा खोडताना तिच्या मनात एक शंका असायची, की त्या दिवशी त्यांचंही काही चुकून गेलं असेल, जिंकायच्या नादात माणसाला भान राहत नाही. आता तशी शंका उरली नाही. नाद नव्हता. हा माणूस असाच होता. आपल्यावर आलं की जवळचं जे हाताला लागेल ते तो पुढं करायचा.

"जा," ती म्हणाली. "पत्र परत घ्या. अजून वेळ आहे."

तो गेला. मांडवाच्या दाराशी त्यानं आप्पांना गाठलेलं तिला दिसलं. दोघं अगदी जवळ उभे राहून बोलले. आप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि व्यासपीठाकडं हात केला. तिथं अध्यक्ष श्रीमंतराव कोचावर बसले होते आणि समर्थ त्यांच्या पायाशी वाकला होता. घडी केलेला कागद श्रीमंतरावांच्या खिशातून वर डोकावत होता. गोरक्षनाथ थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग कुणीतरी त्याचा हात धरून त्याला व्यासपीठावर नेलं.

*

सुरेखा नवऱ्याच्या शेजारी व्यासपीठावर बसली होती. शालीच्या आत घामानं भिजली होती. फेटा बांधला, सन्मानचिन्ह दिलं, प्राचार्य बोलले, पोलिसातल्या दोघी पोरी बोलता बोलता रडल्या. अंकाचं प्रकाशन झालं. मग गोरक्षनाथ उठला.

त्यानं भाषणाचा कागद काढला नाही. माईक हातात धरला.

"नाशिकच्या फायनलची गोष्ट मी तुम्हाला दर साली सांगत आलो," तो म्हणाला. "ती खोटी आहे."

"माझी मुलगी मला म्हणाली होती, मला भीती वाटते, मला खेळायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय जाईल. मी ऐकलं नाही. मी तिला म्हणालो, इथं मी तुझा बाप नाही. सकाळी टेप मीच बांधली. तिसऱ्या क्वार्टरला ती पडली. उचलायला मी आत गेलो नाही, आधी बदली खेळाडू पाठवली, कारण माझं लक्ष गुणफलकाकडं होतं. 'पाय तुटला तरी खेळेन' असं ती कधीच म्हणाली नाही. ते मी बनवलं."

सुरेखानं खाली बघितलं. पहिल्या रांगेत कडेला रोहिणी बसली होती, हाताची घडी घालून.

मग मागून कुणीतरी म्हातारा ओरडला, "धन्य हाय, सर!"

एक टाळी पडली. मग दहा. मग सगळ्या मांडवात टाळ्या उसळल्या. गोरक्षनाथानं त्या थांबवायला हात वर केला; लोकांना वाटलं नमस्कार करतायत. पोरी उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं सगळे उभे राहिले. प्राचार्य रुमालानं डोळे पुसत होते. "नाही, ऐका," गोरक्षनाथ माईकमध्ये म्हणत होता, "ऐकून घ्या माझं," पण त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता.

श्रीमंतरावांनी उठून त्याला मिठी मारली आणि माईक घेतला. "मंडळी! पोटची पोर! पोटच्या पोरीचा पाय दिला ह्या मानसानं आपल्या कॉलेजसाठी! आन आज भर सभेत कबूल करायचं धाडस! असा कोच पुन्हा होनं न्हाई." पुन्हा टाळ्या. "पर काळजी करू नका. सरांनी जाता जाता आपला वारस स्वतःच्या हातानं लिहून दिलाय. त्यांचे पुतणे, समर्थ लगड. सोमवारी रीतसर होईल, पर आज मला ऱ्हावत न्हाई म्हनून सांगतो."

सुरेखानं बास्केटकडं पाहिलं. खांबाला टेकून पूजा उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती. समर्थचं नाव ऐकल्यावर तिचे हात थांबले. मग तिनं आजूबाजूला पाहिलं, सगळ्या पोरी आपल्याकडं बघतायत हे तिला कळलं, आणि ती पुन्हा वाजवू लागली.

गोरक्षनाथ माईकपासून दोन हातांवर उभा होता. सुरेखाला वाटलं, आता बोलेल. त्यानं माईककडं पाहिलं. मग तो खुर्चीवर येऊन बसला आणि त्यानं फेटा सारखा केला.

कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठाखाली फोटोंची झुंबड उडाली. त्या गर्दीतून वाट काढत तो रोहिणीपाशी आला. सुरेखा मागोमाग होती.

"मी सांगितलं, रोहिणी. सगळ्यांपुढं सांगितलं."

"ऐकलं मी."

"लोकांनी टाळ्या वाजवल्या त्याला मी काय करू?"

"काही नका करू." ती खुर्चीचा हात धरून उठली. "अकरा वर्षांपूर्वीचं सांगितलंत. त्याचं आता तुम्हाला काय जातंय? आजचं कुठं सांगितलंत? पूजा तिथं उभी आहे."

तो वळला. पूजा स्वतःच त्याच्याकडं येत होती. डोळे लाल, पण चेहरा धुतलेला. येऊन ती वाकली आणि त्याच्या पायांना हात लावला.

"पूजा," तो म्हणाला. "ते समर्थचं..."

"ऱ्हाऊ द्या सर." ती उभी राहिली. "मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पर तुमी मला कोपीतून उचलून आनलं. तुमी काय केलं आसंल ते माझ्या भल्याचा इचार करूनच केलं आसंल. व्हय ना सर?"

तिला खरंच उत्तर हवं होतं. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, टाइमआउटमध्ये बघायची तशी, सर काय सांगतात ते शब्द न शब्द ऐकायला. सुरेखा दोन पावलांवर होती. रोहिणी तिच्या शेजारी होती. फोटोवाला "सर, इकडं, संस्थेबरोबर एक" म्हणून हाका मारत होता.

"व्हय," गोरक्षनाथ म्हणाला. पूजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटोला गेला.

"सुरेखा, तू बी ये!" आप्पांनी समर्थच्या खांद्यावर हात टाकून तिकडून आवाज दिला. "घरचे सगळे पाहिजेत!"

सुरेखानं खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"त्या दिवशी फोनवर मी बी तुला म्हनले हुते, कर म्हनून," ती रोहिणीला म्हणाली. "तू रडत हुतीस ते मला ऐकू येत हुतं."

रोहिणीनं आईकडं पाहिलं.

"तुझी एसटी कितीला हाय?"

"सहाला."

"मी बी येते." सुरेखानं लेकीची पर्स उचलून आपल्या काखेला लावली. "कपडे नंतर आनता येतील."

पूजा अजून तिथंच उभी होती. सुरेखानं तिचा हात धरला, "तू बी चल, स्टँडपत्तूर सोड आमाला," आणि तिघी मांडवाच्या कडेनं फाटकाकडं चालू लागल्या, रोहिणीच्या चालीनं, सावकाश.